नाकाचं ऑपरेशन करायचं म्हणताय? चौदा महिन्यांनंतर लिहितेय, तुमचे प्रश्नही इथेच विचारा

जुई_नाशिक

दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेले की माझं नाकाचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत. प्रत्येकीला तेच उत्तर टंकण्यापेक्षा एकदा नीट लिहिते. ज्या गोष्टी मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या, त्या यात जास्त आहेत.

आठवीत खो-खो खेळताना खांबावर नाक आपटलं. घरी बर्फ लावला, हळद लावली, रक्त थांबलं, विषय संपला. पुढे नाकावर बाक आला आणि शेंडा उजवीकडे झुकला. आमच्याकडे मुलीचं कौतुक 'नाकीडोळी नीटस' आणि 'चाफेकळीसारखं नाक' या शब्दांतच होतं, त्यामुळे 'नाक सोडलं तर छान आहे हो' हे वाक्य मी दहा वर्षं ऐकलं. ते लागतं. ज्यांना लागत नाही त्यांनी 'एवढं काय त्यात' म्हणू नये, एवढीच विनंती.

डॉक्टरांकडे मात्र मी दिसण्यासाठी गेले नव्हते. रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचे, सकाळी घशाला कोरड पडलेली असायची. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्टीलची एक चपटी, गार पट्टी नाकाखाली धरली आणि नाकाने श्वास सोडायला सांगितलं. उजव्या बाजूला रुपयाएवढी वाफ धरली. डाव्या बाजूला नखाएवढी. मला वाटायचं सगळ्यांचं नाक असंच असतं! नाकाच्या आतला मधला पडदा वाकडा होता. त्यांनीच सांगितलं की पडदा सरळ करताना बाहेरचा आकारही सुधारता येईल, पण त्यासाठी प्लास्टिक सर्जनना सोबत घेऊ.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, अडीच तास. 'ओपन' पद्धतीचं, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर छोटा छेद देऊन कातडी वर उचलतात. बाकाचं हाड आणि कूर्चा (म्हणजे मऊ, लवचीक हाड) तासली, दोन्ही बाजूंची हाडं कापून जवळ आणली, पडदा सरळ केला आणि त्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या दोन पट्ट्या आत आधाराला बसवल्या. त्या खांबावरचा व्रण आज मला शोधावा लागतो.

दुखतं का? खरं सांगते, नाक फार दुखलं नाही. नाक चोंदलेलं असणं सोसवत नाही. सात दिवस तोंडाने श्वास. ओठ फुटतात, घास गिळताना दम लागतो. मऊ भात, घोट घोट पाणी, ओठांना तूप, पाठीमागे दोन उश्या. तिसऱ्या दिवशी डोळे सगळ्यात जास्त सुजले आणि खाली जांभळे झाले. तो रंग पिवळा होत होत बारा दिवसांनी गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सातव्या दिवशी वरची पट्टी काढली, आरसा दिला, आणि मला रडू आलं. नाक रुंद, शेंडा वर उचललेला, हसायला गेले तर वरचा ओठ लाकडासारखा. तिसऱ्या आठवड्यात तर मी रोज रात्री जुने फोटो बघत बसायचे. 'हे मी काय करून घेतलं' असं वाटणं हा या ऑपरेशनचा ठरलेला टप्पा आहे, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. सूज तीन महिन्यांत बरीच उतरते, पण शेंड्याची सूज जायला वर्ष लागतं आणि आपल्यासारखी जाड त्वचा असेल तर दीड वर्षसुद्धा. सकाळी नाक जाड आणि संध्याकाळी बारीक दिसायचं, असं मला सहा महिने होत होतं. म्हणून लग्नाची तारीख समोर ठेवून ऑपरेशनची तारीख ठरवू नका. स्थळ बघायला यायच्या आधी 'उरकून टाकू' हा विचार तर मुळीच नको.

विचारा काय विचारायचं ते.

---

मोगरा

जुई, मनापासून आभार. मी गेली तीन वर्षं हाच विचार करतेय. खर्च किती आला आणि विमा मिळाला का?

---

जुई_नाशिक

@मोगरा, रुग्णालय, भूल, औषधं मिळून एक लाख सत्तर हजार. हा माझा आकडा, तुझा वेगळा येईल. विम्याचं आधी समजून घे. नुसत्या दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन आरोग्य विम्यात बसत नाही. वाकडा पडदा सरळ करणं हा मात्र उपचार आहे, तो बसू शकतो. पण नाक-सायनसच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींमध्ये दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तो तपास. मी आधीच दोन भागांचं वेगवेगळं अंदाजपत्रक लिहून घेतलं होतं, एक पडद्याचं आणि एक आकाराचं. पडद्याचे पैसे मिळाले, आकाराचे मी भरले.

आणखी एक. सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर जीएसटी लागतो. जन्मजात दोष किंवा अपघाताने बिघडलेलं पूर्ववत करण्यासाठी असेल तर लागत नाही. सांगितलेली रक्कम करासकट की कराशिवाय, हे पहिल्याच भेटीत विचार.

कृपा करून 'माझा पडदा वाकडा आहे असं लिहून द्या' असं कुणी डॉक्टरांना सांगू नका. खोटी कागदपत्रं केली तर दावा नाकारला जातो आणि पुढच्या खऱ्या आजारपणात तुमच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

---

ओटी_सिस्टर

एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. जुईताईंनी छान लिहिलंय, माझ्याकडची थोडी भर.

भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा सगळं सांगा. सगळं म्हणजे सगळं. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, वैद्यांचा काढा. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.

दुसरं, मिश्री. बायका 'तंबाखू खाता का' याला 'नाही' म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे हो. तपकीरही तीच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नाकाची उचललेली कातडी तर त्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. एका मावशींच्या शेंड्याची कातडी काळी पडायला लागली तेव्हा त्यांच्या सुनेने हळूच येऊन सांगितलं. वाचली कातडी, पण दहा दिवस आम्ही सगळे धास्तावलो होतो. सर्जन सांगतील तितके आठवडे आधी आणि नंतर सिगारेट, मिश्री, तपकीर, गुटखा सगळं बंद.

घरी गेल्यावर पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. खाली वाकून काही उचलायचं नाही. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. लेन्स चालत नसतील तर चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगून देतात, विचित्र दिसतं पण करा.

आणि कधी लगेच फोन करायचा ते पाठ करून ठेवा. ताजं लाल रक्त दाबून धरूनही थांबत नाही. दोन्ही नाकपुड्या अचानक बंद, ठणका वाढतोय, ताप आलाय (पडद्यात रक्त साठलं तर असं होतं, आणि ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा विरघळून नाक बसतं). एकाच बाजूने पाण्यासारखा स्राव आणि डोकेदुखी. नजरेत काही फरक. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. आम्हाला राग येत नाही.

---

डोंबिवलीकर_आई

माझी मुलगी सोळा पूर्ण. शाळेत तिला 'नकटी' म्हणत, आता कॉलेजातही तेच. दिवसातून पन्नास सेल्फी काढते आणि पुसते. ऑपरेशनचा हट्ट धरून बसलीय, तिचे बाबा ऐकून घ्यायलाच तयार नाहीत. मी मध्ये सापडलेय. सोळाव्या वर्षी करतात का?

---

ओटी_सिस्टर

ताई, मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधरा-सोळाला आणि मुलांची सतरा-अठराला पूर्ण होते, त्याआधी सर्जन हात लावत नाहीत, अपघात वगैरे असेल तर वेगळं. म्हणजे वयाने ती काठावर आहे. पण वय एवढंच बघत नाहीत. मुलीला स्वतःला काय नको आहे, ते ती शांतपणे सांगू शकते का, हे आमचे डॉक्टर आईबाबांना बाहेर बसवून विचारतात.

सेल्फीचं मात्र तिला दाखवा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता की चेहऱ्यापासून 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, 5 फुटांवरून काढला तर तसं होत नाही. तिला भिंतीपाशी उभं करा, तुम्ही पाच-सहा फुटांवरून झूम करून फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ती पन्नास वेळा बघते ते नाक तिचं नाहीच, कॅमेऱ्याचं आहे.

---

जुई_नाशिक

@डोंबिवलीकर_आई, 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण आपण किती सहज वापरतो ना. घरात ती कुणी म्हणत असेल तर आधी ती थांबवा. आणि मुलीला एकदम 'नाही' म्हणू नका. 'अठराव्या वर्षी दोघी जाऊन डॉक्टरांना भेटू, खर्चाचं मी बघते' असं म्हणा आणि ते पाळा. माझ्या आईने माझं म्हणणं पहिल्यांदा ऐकून घेतलं त्या दिवशीच माझं निम्मं ओझं उतरलं होतं. त्रास देणाऱ्या मुलांबद्दल कॉलेजात बोलाच, ते वेगळं काम आहे आणि ते ऑपरेशनने होणार नाही.

---

दुसऱ्यांदा

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो. पहिलं ऑपरेशन एका मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाच्या ठिकाणी केलं. नाव लिहीत नाही. संगणकावर माझा फोटो घेऊन नाक सरळ, बारीक करून दाखवलं, मी भाळलो. ज्यांच्याशी बोललो ते डॉक्टर आणि ज्यांनी ऑपरेशन केलं ते वेगळे, हे मला डिस्चार्ज कार्ड वाचून कळलं. बाक गेला. पण कूर्चा इतकी तासली की सहा महिन्यांनी जोरात श्वास घेतला की नाकाच्या बाजू आत ओढल्या जायच्या. जिना चढताना दोन बोटांनी गाल बाहेर ओढून धरायचो.

दुसऱ्या सर्जननी एक वर्ष थांबायला लावलं, कारण आतले व्रण मऊ झाल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. पडद्यात घ्यायला कूर्चा उरली नव्हती, म्हणून बरगडीची घेतली. काहींना कानाची पुरते. नाकापेक्षा बरगडी जास्त दुखली, आठवडाभर खोकताना उशी छातीशी धरून बसायचो. आता श्वास चांगला आहे. नाक थोडं जाडच आहे आणि मला चालतं.

शिकलो ते असं. ऑपरेशन स्वतः कोण करणार, हे नाव संमतिपत्रावर लिहून घ्या. सर्जनची पदवी विचारा, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, किंवा कान-नाक-घशातली पदवी आणि नाकाच्या आकाराच्या कामाचा वेगळा अनुभव. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. जुन्या रुग्णांचे फोटो मागाल तेव्हा महिन्याभराचे नको, वर्षानंतरचे मागा. पुन्हा करावं लागलं तर पैसे कशाचे लागतील तेही आधी विचारा, कारण उत्तम हातांतही काही जणांना दुसऱ्यांदा करावं लागतं. जे सर्जन 'माझ्याकडे कधीच लागत नाही' म्हणाले, तिथून मी उठून आलो. संगणकावरचं चित्र बोलण्यापुरतं ठीक, तो काही करार नाही.

आणि 'काय काढणार' यापेक्षा 'काय ठेवणार' हे विचारा. हा प्रश्न मला दुसऱ्या सर्जननी शिकवला.

---

मोगरा

@दुसऱ्यांदा, हे वाचून मी दोन ठिकाणी मत घ्यायचं पक्कं केलं. धन्यवाद.

---

सातआठवडे

माझं लग्न सात आठवड्यांवर आलंय. जुई म्हणते तसं ऑपरेशन आता शक्य नाही हे पटलं. पण आमच्याकडच्या पार्लरमध्ये 'नॉन-सर्जिकल नोज जॉब' आहे, अर्ध्या तासात इंजेक्शनने बाक जातो म्हणे. कुणी केलंय का?

---

ओटी_सिस्टर

बाळा, पार्लरमध्ये अजिबात नको. हात जोडून सांगते.

ते फिलर असतं, म्हणजे कातडीखाली इंजेक्शनने घालायची भर. बाक जात नाही, बाकाच्या वर-खाली भर घालून तो झाकतात, म्हणजे नाक उलट मोठंच होतं. पण भीती वेगळीच आहे. नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, आणि क्वचित दृष्टी जाते, तीही कायमची. चेहऱ्यावर फिलरसाठी सगळ्यात धोक्याच्या जागांमध्ये नाक येतं. अनुभवी डॉक्टर हायलुरॉनिक ॲसिडचंच फिलर वापरतात आणि ते विरघळवणारं औषध हाताशी ठेवतात, तरीसुद्धा जोखीम राहते. पार्लरमध्ये त्यातलं काय असणार?

लग्नात चांगल्या मेकअपवाल्या ताईंना सांग, रंगछटेने बाक छान झाकतात. लग्नानंतर निवांत ठरव.

---

सातआठवडे

फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली. दृष्टीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

---

कसबा_पेठ

धाग्याचा विषय बघून राहवलं नाही. नाकाच्या सर्जरीच्या इतिहासात आपल्या पुण्याजवळची एक घटना आहे आणि ती आपल्यालाच फारशी माहीत नसते.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी जातीतला माणूस, 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात तोडला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटभट्टी करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोलून, दोन डोळ्यांच्या मधला कातडीचा दांडा तसाच जोडलेला ठेवून, पिळा देऊन खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत, काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या चिकटवल्या. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणं झोपवून ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो दांडा कापायचा. हे ऑपरेशन कंपनीच्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज सर्जननी डोळ्यांनी पाहिलं. कावसजीचं चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलं होतं. तो लेख वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने अभ्यास केला आणि 1814 मध्ये तिथे या पद्धतीने पहिलं ऑपरेशन केलं.

त्या वीटभट्टीवाल्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

---

ओटी_सिस्टर

@कसबा_पेठ, अंगावर काटा आला. कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागतो तेव्हा कपाळाची कातडी आजही अशीच खाली आणतात आणि दांडा साधारण तीन आठवड्यांनी कापतात. टाके घालतो, भूल देतो, बाकी तेच. उद्या थिएटरमध्ये सगळ्यांना वाचून दाखवते.

---

अनुत्तरित

मी ऑपरेशन केलं नाही, तेही इथे असावं म्हणून लिहितो.

मला तीन सर्जननी 'नाक ठीक आहे' म्हणून परत पाठवलं. चौथ्यांनी हातात आरसा आणि पेन्सिल दिली आणि काय बदलायचं ते नाकावर काढून दाखवा म्हणाले. मी बाक दाखवला. मग शेंडा. मग डावी नाकपुडी. वीस मिनिटं मी रेघा मारत होतो. त्यांनी पेन्सिल हळूच काढून घेतली आणि विचारलं, दिवसात आरशासमोर किती वेळ जातो? मी खरं सांगितलं, तीन तास. लोकलमध्ये मी खिडकीच्या काचेतही नाकच बघायचो. मित्राच्या लग्नाला गेलो नव्हतो.

त्यांनी मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. मला अपमान वाटला, दोन महिने गेलो नाही. नंतर गेलो. या आजाराला नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. यात शरीराच्या एखाद्या भागातला न दिसणारा किंवा अगदी किरकोळ दोष माणसाला सतत छळतो, आणि ऑपरेशनने तो सहसा थांबत नाही, दुसऱ्या जागी जातो. औषधं आणि थेरपी, दीड वर्ष. नाक तेच आहे. आरसा आता दाढीपुरता.

त्या डॉक्टरांना माझे पैसे घेणं सोपं होतं. त्यांनी घेतले नाहीत.

---

जुई_नाशिक

@अनुत्तरित, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं. ज्यांना आपलं वाचून 'हे माझ्यासारखंच आहे' वाटेल त्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं.

---

मोगरा

जुई, शेवटचा प्रश्न, हसू नकोस. नाक टोचलेलं असेल तर? आजीची मोत्यांची नथ माझ्याकडे आलीय. ऑपरेशननंतर ती घालता येईल ना?

---

जुई_नाशिक

हसेन कशाला, मी स्वतः हाच प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारला होता.

ऑपरेशनच्या वेळी चमकी काढावीच लागते. नंतर कित्येक आठवडे घालता येत नाही, त्यामुळे माझं भोक बुजलं. डॉक्टरांनी सहा महिने पुन्हा टोचू दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात दाबाची नथ घातली होती, डॉक्टरांना विचारून, तासभर. तेव्हा नाकाच्या शेंड्याला आणि डाव्या बाजूला काही कळतच नव्हतं. नथ पडली की आहे हे बघायला मी सारखी हात लावत होते. हा बधिरपणा बहुतेकांना येतो, हळूहळू जातो. माझा जायला जवळजवळ वर्ष लागलं.

आठव्या महिन्यात पुन्हा टोचलं, आधीच्या जागेच्या किंचित वर. आईची नथ जुनी, तार घट्ट, ती सोनाराकडून थोडी सैल करून घेतली. वजनदार नथ असेल तर केसांत अडकवायची साखळी लावून घे, म्हणजे भार नाकपुडीवर येत नाही.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती घातली. बाहेर थंडी होती, डबीतून काढलेला मोती नाकपुडीला टेकला आणि तो गार लागला. डाव्या बाजूला.